इंजिन बंद असताना

खाप्याहून परत आल्यावर आईच्या हातून गाठ बसली नाही. माझ्या वहीत त्या दिवसाखाली एवढंच लिहिलेलं आहे: "१५ डिसेंबर १९७४, रविवार. आईला तुटलेला धागा जोडता आला नाही. चार वेळा प्रयत्न. कारण बहुधा थंडी."

ही वही मी गाडीसाठी केली होती. बी.एस्सी. झाल्यावर मी एका कॉलेजात रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले, आणि जे मोजता येतं ते मोजून लिहून ठेवायची सवय जडली. गाडीची लांबी, रुंदी, उंची, कोणत्या फटीत किती चिंध्या बसल्या, आत ओलावा किती राहतो, सगळं त्या वहीत आहे. 'कारण' या शब्दापुढे मी जे लिहिलं ते मात्र चूक होतं, आणि त्या चुकीवर विसंबून मंगळवारी मी आणखी एक फट बुजवली.

गाडी म्हणजे एका बेकरीची जुनी, पेट्रोलवर चालणारी डिलिव्हरी व्हॅन. माझे बाबा, बाबनराव, ती अकरा वर्षं चालवत होते. बेकरी बंद पडली तेव्हा मालकांनी ती त्यांनाच देऊन टाकली. मागचा भाग म्हणजे पत्र्याची मोठी पेटी. तिला खिडकी नाही, मागे दोन दारं, आणि ड्रायव्हरची जागा व ती पेटी यांच्यामध्ये पत्र्याची भिंत. आत शिरलं की अजूनही भाजलेल्या पावाचा वास यायचा.

बाबांच्या मनात भलतंच शिरलं होतं. तांडापेठेतली भाड्याची खोली सोडायची, या गाडीतच संसार मांडायचा आणि मौदा, खापा, पारशिवनी असे आठवडी बाजार करत, कापड विकत फिरायचं. मी कॉलेजाजवळ एका मैत्रिणीच्या खोलीवर राहणार होते.

"घर एका जागी काहून पाहिजे?" ते म्हणायचे. "बाजार तर रोज जागा बदलते."

आमच्या गल्लीत पुरुष विणतात आणि बायका कांड्या भरतात, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या लहान नळ्यांवर सूत गुंडाळतात. आमच्याकडे उलटं होतं. बाबांनी तरुणपणीच माग सोडून स्टिअरिंग धरलं, आणि मागावर माझी आई, मैनाबाई, बसली. वीस वर्षं तिनं लुगडी विणली. गाडीत राहायला तिनं नाही म्हटलं नाही. तिची एकच अट होती.

"मी येईन. पण माग येईल तर."

"येईल ना. खोलून टपावर बांधून टाकू."

"टपावर तुम्ही बसा. माग आत येईल, अन् खड्ड्यासकट येईल."

बाबा हसले. ती हसली नाही. आमचे माग जमिनीलगत असतात. विणणारा जमिनीत खणलेल्या खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि तिथल्या पावड्या दाबत विणतो. वीस वर्षं असं बसून आईचे गुडघे मांडी घालण्याच्या पलीकडे गेले होते. ती जेवायलाही खड्ड्याच्या काठावरच बसायची. गाडीत खड्डा नसेल तर तिला बसायलाच जागा नव्हती.

नानाजी सुतारानं लुगड्याचा रुंद माग कापून पंच्यापुरता अरुंद केला. करवत चालू होती तोवर आई शेजारच्या वच्छलाबाईंकडे जाऊन बसली होती. मग केशव वेल्डरनं गाडीच्या तळाचा पत्रा दोन फूट बाय दीड फूट कापला आणि खाली लाकडी खोकं टांगलं. हाच आमचा खड्डा. खोक्याच्या तळाला आईनं पट्ट्या मारायला लावल्या, मधे बोटभर फटी ठेवून.

"तूस अन् धाग्याचे तुकडे खाली पडून गेले पाहिजे," ती केशवला म्हणाली. "नाही तर पावडी अडते. तुले नाही समजत, तू फक्त लोखंड जोड."

"हो मावशी," केशव म्हणाला. "पण तुमचा खड्डा सायलेन्सरच्या पाइपाच्या आड येऊन राहिला. अन् खाली मागं तुमची पाण्याची टाकी बसवायची आहे. पाइप मी इथंच वळवून, टाकीच्या पुढं, गाडीखालीच सोडून देतो."

त्या वेळी मी तिथे उभी होते. हे मला लिहायलाच हवं. मी वाकून पाहिलं, पाइपाला हात लावला, आणि विचारलं, "लाकूड जळणार नाही ना?" माझं डोकं उष्णतेपाशी थांबलं. मी ॲस्बेस्टॉसचा पत्रा आणवून पाइप आणि खोकं यांच्यामध्ये बसवून घेतला, आणि वहीत लिहिलं: "आगीचा धोका नाही."

बाकीचं काम माझंच होतं. कोरड्या हवेत सूत तटातट तुटतं. घरी मागाच्या खोलीची जमीन ओली असते, दारं लावून घेतलेली असतात, आमच्यापैकी कुणी मागाच्या खोलीत वारा येऊ देत नाही. गाडीत ओली जमीन कुठून आणणार? म्हणून मी आत ओली पोती टांगली आणि दारांची सोडून पेटीची प्रत्येक फट चिंध्या आणि खळ कालवून बुजवली. सुताला लावतात तीच खळ. वाळली की दगडासारखी होते. माझ्या थर्मामीटरच्या जोडीनं, एकाला ओली चिंधी गुंडाळून, आतला ओलावा बाहेरच्या दुपटीवर दाखवला. आई बोटांनी सूत चाचपून म्हणाली, "आता बोलते हे." तिच्या तोंडून एवढी शाबासकी मला कधी मिळाली नव्हती.

माणसाला ताजी हवाही लागते, हे मी विसरले नव्हते. टपाला मी एक झरोका करून घेतला, वर पावसासाठी टोपी. हवा खड्ड्याच्या फटींतून आत येईल, ऊब घेऊन वर चढेल आणि झरोक्यातून बाहेर जाईल. मी अगरबत्ती पेटवून खड्ड्यात धरली. धुराची रेघ सरळ वर गेली, टपाखाली किंचित वळली आणि झरोक्यात शिरली. बाबांना बोलावून दाखवलं.

"चंद्रकलेनं पाहिलं ना," ते त्यानंतर भेटेल त्याला सांगत, "मंग झालं. तिचं सायन्स आहे."

पहिली फेरी मौद्याची, डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी. पुढे दोघांचीच जागा होती. मी बाबांजवळ बसले. आई मागे, दार आतून लावून. चालत्या गाडीत विणता येत नाही, पण खड्ड्यात पाय सोडून बसलं की हिसके लागत नाहीत, म्हणून ती तिथेच बसून कांड्या भरत होती. मौद्याला उतरली तेव्हा डोकं धरून उतरली. रस्त्याच्या कडेला ओकली.

"गाडी लागली," बाबा म्हणाले. "सवय होईन."

"पाय मात्र गरम राहते खड्ड्यात," आई म्हणाली. "घरच्या खड्ड्यात थंडीचे पाय गारठून जात."

मी ते वहीत लिहिलं. पाय उबदार राहतात. आनंदानं लिहिलं.

दुसरी फेरी खाप्याची. या वेळी आई झोपली होती, दार वाजवून उठवावं लागलं. गाल लाल झाले होते.

"पाहा तुह्या आईले," बाबा मला म्हणाले. "घर सोडलं नाही तर गालावर लाली आली. नवरीसारखी दिसून राहिली."

"चूप बसा," आई म्हणाली, पण तिचं बोलणं जड होतं. परत आल्यावर ती मागावर बसली. ताण्याचा, म्हणजे उभा, एक धागा तुटला होता. विणणाऱ्याच्या बोटांना गाठ शिकवावी लागत नाही. आई बोलता बोलता, दुसरीकडे पाहत, एका हातानं गाठ मारते. त्या दिवशी तिनं दोन टोकं जवळ आणली आणि ती एकमेकांजवळून निसटली. पुन्हा. चौथ्यांदा तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत राहिली, जणू ते कुणीतरी तिथे विसरून गेलं होतं.

"थंडी आहे," ती म्हणाली.

मीही तेच लिहिलं. आणि थंडी आहे म्हणून मंगळवारी मागच्या दारांच्या फटीला जाड लोकरी नमद्याची पट्टी खळ लावून ठोकून दिली. बाजूंनी तेवढी एकच वाट वाऱ्याला उरली होती.

गुरुवारी त्यांना खोली सोडून कायमचं निघायचं होतं. सकाळी मी गाडीला हळदकुंकू लावलं, आईच्या पाया पडले आणि कॉलेजात गेले. ते जेवून निघणार होते, पारशिवनीच्या बाजाराला. रात्रीचा मुक्काम तिथेच, गाडीत.

अकराला माझं प्रॅक्टिकल होतं. वासाचे आणि विषारी वायू ज्यात करतात ते काचेचं कपाट आमच्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात आहे. वर धुराडं, पुढे खाली ओढायची काच. काच पूर्ण खाली ओढली तरी तळाशी दोन बोटं फट राहते. ती मुद्दाम ठेवलेली असते. मी एका विद्यार्थिनीचा बर्नर पेटवून दिला आणि काडी विझवली. ती माझ्या हातात त्या फटीजवळ होती. धुराची बारीक रेघ माझ्याकडे यायला निघाली, वाकली, आणि फटीतून आत खेचली गेली. सरळ वर, धुराड्यात.

ही रेघ मी आधी पाहिली होती. अगदी हीच.

चारी बाजूंनी बंद, वर धुराडं, तळाशी एक फट. अशा कपाटात फटीबाहेर जे असेल तेच आत येतं. दुसरं काही येऊच शकत नाही. गाडीच्या फटीबाहेर काय होतं? मी अगरबत्ती धरली तेव्हा काहीच नव्हतं.

तेव्हा इंजिन बंद होतं.

ती विझलेली काडी मी किती वेळ धरून होते, आठवत नाही. एवढंच आठवतं की सगळं एकदम, ओळीनं आलं: डोकेदुखी, ओकारी, झोप, उबदार पाय. गाठ. आणि कार्बन मोनॉक्साइडवरच्या धड्यातलं ते वाक्य, जे मी दोनदा परीक्षेत लिहून आले होते: विषबाधा झालेल्याची त्वचा गुलाबी दिसू शकते.

मधुसूदन माझ्याबरोबरचाच डेमॉन्स्ट्रेटर, शेजारच्या टेबलावर होता. त्याच्याकडे स्कूटर होती.

"तुमची स्कूटर हवी," मी म्हटलं. "आणि तुम्हीही. आत्ता."

"धकातेबाई, वर्ग चालू आहे."

"माझी आई मरेल."

त्यानं चाव्या घेतल्या.

तांडापेठेत आमच्या दाराला कुलूप होतं. वच्छलाबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"गेले वं. अर्धा घंटा झाला. तू काहून परत आली? काही राहिलं का?"

"आई कुठे बसली?"

"कुठं बसन? खड्ड्यात. मीच दार ढकलून दिलं, आतून कडी लाव म्हटलं तिले. तू ते काय ठोकून ठेवलं दाराले, लागता लागत नव्हतं. दोघींनी जोर लावला तवा बसलं एकदाचं."

स्कूटरवर मागे बसून मी हिशेब करत होते. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. पेटीचं आकारमान साधारण सात घनमीटर. माणूस एक. इंजिन मिनिटाला किती वायू सोडतं, त्यातला किती भाग खोक्याखाली अडतो, किती वर खेचला जातो, यातला एकही आकडा मला माहीत नव्हता. मौद्याला दाराची फट उघडी होती. खाप्यालाही होती. आज ती नव्हती. या एका गोष्टीपाशी माझा हिशेब येऊन थांबायचा आणि मी पुन्हा सुरुवातीपासून करायची. सात घनमीटर. माणूस एक.

कामठी गेलं. रस्त्याच्या कडेला गाडी उभी दिसावी म्हणून मी दोन्हीकडे पाहत होते. उभी दिसली तर चांगलं की वाईट, तेही कळत नव्हतं. कन्हानचा पूल गेला. "किती पुढे असतील?" मधुसूदननं वाऱ्यावर ओरडून विचारलं.

पुढे रेल्वे फाटक बंद होतं. ट्रकांची रांग, दोन बैलगाड्या, आणि ट्रकांच्या मधे आमची गाडी. तिच्या पाठीवर बेकरीचं पुसट नाव, दारावर मी सकाळी लावलेलं हळदकुंकू. गाडी धडधडत होती. इंजिन चालूच होतं.

बाबा खाली उतरून एका ट्रकवाल्याशी बोलत, बिडी ओढत उभे होते.

"इंजिन बंद करा!"

"अरे, चंद्रे! तू इथं कशी?" मग त्यांनी मधुसूदनकडे पाहिलं. "हे कोण?"

"बाबा, इंजिन बंद करा!"

"बंद काहून करू? सेल्फ लागत नाही. मंग धक्का कोण मारन, हे मास्तर?"

मी त्यांना ढकलून ड्रायव्हरच्या जागेवर चढले आणि किल्ली फिरवली. गाडी एकदा हादरली आणि गप्प झाली. मागून काहीच आवाज आला नाही. कुणी विचारलं नाही की गाडी का थांबली.

मी मागच्या दारावर दोन्ही मुठी आपटल्या. "आई! आई, कडी काढ!"

"झोपली असन," बाबा म्हणाले. पण त्यांची बिडी खाली पडली होती.

"किती वेळ उभे आहात इथं?"

"हे काय, बारा-पंधरा मिनिटं. मालगाडी आहे."

चालत्या गाडीखालून वारा तरी जातो. उभ्या गाडीखालून तोही नाही. मी दार ओढलं. माझा नमदा चिकटून बसला होता, जराही सुटला नाही. ट्रकवाल्यानं त्याची पहार आणली. मधुसूदन आणि बाबा दोघांनी ती दारांच्या मधे घातली, आणि दोनदा घसरली, माझीच खळ दगडासारखी. तिसऱ्यांदा आतली कडी तुटल्याचा आवाज आला.

आत ऊब होती. ओल्या पोत्यांचा, खळीचा, पावाचा वास होता. पेट्रोलच्या धुराचाही होता, पण फार नाही, रस्त्यावर असतो तेवढाच. आई खड्ड्याच्या काठावर, पुढे मागावर कलंडलेली. गाल कापडावर. हातात अर्धी भरलेली कांडी. गाल जत्रेहून आल्यासारखे लाल.

"मैना," बाबा म्हणाले. मी त्यांना आईचं नाव घेताना कधी ऐकलं नव्हतं.

"श्वास रोखून जा," मी ओरडले. "आत श्वास घेऊ नका."

ते आत गेले, तिला काखेत धरून ओढलं, आणि ती येईना. तिचे पाय पावड्यांच्या दोऱ्यांत अडकले होते. बाबा मागे वळले, दाराशी येऊन खोल श्वास घेतला, पुन्हा गेले. दोऱ्या दातांनी तोडल्या की हातांनी, ते त्यांनाही सांगता येत नाही. आम्ही तिला रस्त्यावर, धुळीत झोपवलं. तिच्या नाकापाशी मी माझ्या बोटाची मागची बाजू धरली. कितीतरी वेळ काही नाही. मग एक श्वास. मी मोजू लागले आणि दुसरा येईपर्यंत सातपर्यंत पोचले.

फाटक उघडलं. मागचे हॉर्न वाजू लागले. त्याच ट्रकवाल्यानं रिकाम्या उघड्या ट्रकमध्ये तिला घेतलं आणि ट्रक उलटा फिरवला. बाबा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. वाऱ्यात त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"कोणती हवा म्हणते तू?" ते सारखं विचारत होते. "वास तर आला नाही मले. पुढं तर काहीच वास नव्हता."

"त्याला वास नसतो, बाबा."

"मंग माणसानं समजावं कसं?"

मी म्हटलं नाही की चार दिवसांपूर्वी तुमच्यासमोर ते समजलं होतं. तिच्या बोटांना समजलं होतं. मी ते शाईनं लिहून ठेवलं होतं.

दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं, घनमीटरांसकट. "वाचेल बहुतेक," ते म्हणाले, "पण मेंदूवर काय परिणाम झालाय ते उठल्यावरच कळेल. कधीकधी काही दिवसांनीही कळतं." दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डोळे उघडले. मग म्हणाली, "दार कोणं तोडलं?"

बाबा हसायला लागले आणि मग थांबवेना. मी हसू शकले नाही. डॉक्टरांचं 'काही दिवसांनी' माझ्या डोक्यात होतं. मी बॅगेतून सूत काढलं, मधे तोडलं आणि दोन टोकं तिच्या हातात दिली. टोकं एकमेकांजवळून निसटून गेली.

त्यानंतर रोज सकाळी मी तिला तुटलेला धागा देत असे. बाबांना ते बघवत नव्हतं; ते बाहेर जाऊन उभे राहत. तिसऱ्या दिवशी तिनं धागा माझ्या अंगावर फेकला. पाचव्या दिवशी गाठ बसली आणि ओढल्यावर सुटली. आठव्या दिवशी ती वच्छलाबाईंशी बोलत होती, मी धागा पुढे केला, तिनं बघितलंही नाही, एका हातानं गाठ मारून परत दिला. मी ओढून पाहिली. पक्की होती. मी व्हरांड्यात गेले आणि भिंतीला पाठ लावून खाली बसले.

जानेवारीत केशवनं पाण्याची टाकी टपावर नेली आणि सायलेन्सरचा पाइप पार मागे, बाजूला वळवून बाहेर काढला. पेटीला दोन्ही अंगांना खिडक्या पाडल्या, आणि बाबांनी गाडीचा सेल्फही दुरुस्त करून घेतला. मला वाटलं होतं आता खड्डा जाईल.

"खड्डा राहीन," आई म्हणाली. "खालून पत्रा मारा. तूस मी हातानं काढीन. पण पाय कुठं ठेवू मी, डोक्यावर?"

"अवं, अजून जायचं आहे तुले?" बाबांनी विचारलं.

"खोलीत नवे भाडेकरू आले. आता कुठं जाऊ?"

पत्रा मारून झाला तेव्हा बाबांनी हात पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. आईनंही पाहिलं. केशवनं चष्मा काढला.

"चंद्रे," बाबा म्हणाले, "तू पाहून सांग. आता ठीक आहे ना?"

ते तसंच म्हणाले, पूर्वीसारखंच. राग नाही, टोमणा नाही. त्यांनी मला बोल लावला असता तर बरं झालं असतं. मला 'हो' म्हणता येईना आणि 'नाही' म्हणायला कारण नव्हतं. पाइप मागे होता, तळ बंद होता, खिडक्या होत्या. कागदावर सगळं बरोबर होतं. कागदावर ते आधीही बरोबर होतं.

मधुसूदननं प्रयोगशाळेच्या कपाटातून पॅलेडियम क्लोराइडची इवलीशी बाटली शोधून दिली होती. त्यात भिजवलेला कागद कार्बन मोनॉक्साइडनं काळा पडतो. मी तीन पट्ट्या केल्या: एक खड्ड्यात, एक मागाच्या उंचीवर, एक टपाशी. मग म्हटलं, "मी मागे बसते. खिडक्या लावून. बाबा, तुम्ही इंजिन चालू करा आणि पाऊण तास गाडी जागेवरच उभी ठेवा. दर दोन मिनिटांनी पत्र्यावर हात मारा. मी उलट मारीन. नाही मारला तर दार उघडा."

"येडी झाली का?" बाबा म्हणाले.

"बसू द्या तिले," आई म्हणाली.

मी खड्ड्यात पाय सोडून बसले. आईच्या जागेवर मी कधी बसले नव्हते. माग मला उंच पडत होता. दार लागलं. कडी आम्ही पुन्हा बसवलीच नव्हती. इंजिन सुरू झालं आणि तळातून थरथर पायांत आली. मी लांब धागा घेतला, तोडला, गाठ मारली. पत्र्यावर थाप आली. मी थाप दिली. पट्टी पाहिली. पिवळट. पुन्हा तोडला, पुन्हा गाठ.

दहाव्या मिनिटाला मला वाटलं डोकं दुखतंय. बाराव्याला पट्टीची कड काळपट दिसली. जवळ नेऊन पाहिली, तर माझ्याच बोटाची सावली होती. विसाव्याला पाय गरम झाले असं वाटलं आणि मी ते वर ओढून घेतले, हातानं चाचपले, थंड होते, परत सोडले. श्वास मी अर्धाच घेत होते आणि त्यामुळेच छाती भरून येत होती. एकदा थाप यायला उशीर झाला. पाच-सहा सेकंद झाला असेल. तेवढ्यात मी दाराशी पोचले होते.

पाऊण तासानं इंजिन थांबलं. तिन्ही पट्ट्या पिवळट होत्या. आईनं दार उघडलं, पट्ट्यांकडे पाहिलंही नाही. माझ्या हातातून तो धागा घेतला आणि बावीस गाठी एकेक करून नखांत धरून ओढू लागली. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. सोळा गाठी टिकल्या. सतरावी सुटली.

"ही ढिली आहे," ती म्हणाली.

"माझा हात थरथरत होता."

"काहून?"

"भीतीनं."

पुढच्या पाच तिनं ओढल्या. त्या पक्क्या होत्या. मग ती पुन्हा त्या सुटलेल्या जागेशी आली, दोन टोकं बोटांत धरली आणि माझ्याकडे पाहिलं.

"भीतीनं का हवेनं, हे कसं वळखायचं?"

पट्ट्या पिवळ्या आहेत, असं मी म्हणू शकले असते. बाटली किती जुनी होती ते मला माहीत नव्हतं. सुटलेल्या गाठीपुढे एकदा मी कारण लिहून बसले होते.

"पुन्हा करते," मी म्हटलं.

ती बाजूला झाली. मी आत शिरले, खड्ड्यात पाय सोडले आणि नवा धागा घेतला. तिनं दार लावलं. बाबांनी इंजिन सुरू केलं.